नावाडी गल्लीकडे जाणारा ठिपका

पडद्यावर वडघाटात पूर चढत होता आणि भरतेश मगदूमची बायको श्रेणिक चौगुलेच्या घराकडे निघाली होती.

म्हणजे तिचा ठिपका निघाला होता. खरी त्रिशला त्या वेळी हायस्कूलमध्ये आठवीच्या वर्गाला आम्ल आणि आम्लारी शिकवत होती. बाहेर मार्चचं रखरखीत ऊन होतं आणि कृष्णेचं पाणी पार तळाला गेलं होतं. पूर होता तो फक्त भरतेशच्या संगणकात. 

त्याने पूर थांबवला, मागे नेला आणि पुन्हा सोडला. मगदूमांच्या घरातून लाल ठिपका बाहेर पडला, गावातल्या जैन मंदिरापाशी, म्हणजे बस्तीपाशी वळला, उतार उतरून नावाडी गल्लीत गेला आणि श्रेणिकच्या घरात शिरला. पाणी चढू लागलं की माणसं वर माळाकडे पळतात. हा ठिपका खाली नदीकडे पळत होता. भरतेशने पावसाचे आकडे बदलून पाहिले, धरणाचे दरवाजे लवकर उघडून पाहिले, उशिरा उघडून पाहिले. पूर लहान असो की मोठा, दहातल्या नऊ वेळा बाईसाहेब आधी चौगुल्यांकडे.

या यंत्रणेला सरकारी कागदांत लांबलचक नाव होतं, पण वडघाटात सगळे तिला 'जुळं' म्हणत. गावाचं जुळं भावंड, संगणकात वाढलेलं. त्याआधी काय व्हायचं, तर हवामानवाले पाऊस किती पडेल ते सांगायचे, नदीवाले पाणी किती चढेल ते सांगायचे, शेतीवाले काय लावावं ते सांगायचे आणि दवाखान्यातले पूर ओसरल्यावर तापाच्या गोळ्या वाटायचे. प्रत्येकाचं आपापल्या जागी बरोबर असायचं आणि गाव तरीही बुडायचं. कारण खऱ्या गावात या गोष्टी वेगळ्या नसतात. ऊस अगदी पात्रापर्यंत लावला की पुराचं पाणी अडतं आणि गावात शिरतं. पाणी शिरलं की जनावरं मरतात, रोगराई येते, मजूर गाव सोडून जातात. मजूर नाहीत म्हणून शेतकरी पुढच्या वर्षी कमी राबणुकीचं पीक घेतो, म्हणजे पुन्हा ऊसच. जुळ्यात हे सगळं एकमेकांना बांधलेलं होतं. इकडची दोरी ओढली की तिकडे काय हलतं ते डोळ्यांना दिसायचं.

काठालगतचा ऊस काढून तिथे मोकळ्या ओळी सोडून बांबू लावा, असं जुळ्यानेच सांगितलं होतं. पाण्याला वाट मिळेल, माती धरून राहील आणि कारखान्याच्या भट्टीत कोळशाऐवजी तोच बांबू जाळता येईल, म्हणजे हवा तापवण्यातला आपला वाटाही कमी होईल. गावाने कुरकुरत का होईना ऐकलं. पुढच्या दोन्ही पावसाळ्यांत पाणी घाटाच्या वरच्या पायरीला लागून मागे फिरलं. तेव्हापासून वडघाटात जुळ्याचा शब्द शेवटचा.

त्या बांबूच्या पट्ट्याचं सगळं काम श्रेणिक चौगुले बघायचा. उंचापुरा गडी, सावळा, हसताना मान मागे टाकायचा. त्रिशलाच्या कॉलेजात होता. ती अधूनमधून वर्ग घेऊन पट्ट्यात जायची, पोरांना मुळं दाखवायची आणि घरी येऊन श्रेणिक काय काय म्हणाला ते सांगायची. भरतेशला अलीकडे बांबू या वनस्पतीचाच राग येऊ लागला होता.

आता ठिपक्यांचं. पाण्यापेक्षा माणसं अवघड असतात. जुन्या गणितांत भोंगा वाजला की सगळी माणसं जवळच्या निवाऱ्यात जात. खऱ्या पुरात कुणी म्हशीसाठी परत फिरतं, कुणी दिल्या घरच्या लेकीकडे धावतं, कुणी देवासमोर बसून राहतं. मग मेहजबीन मुजावर आली. समाजशास्त्राची बाई, मिरजेची. दोन वर्षं तिने वडघाटात घरोघरी चहा पिऊन प्रश्न विचारले. ग्रामसभेने हात वर करून परवानगी दिल्यावर फोन कुठे कुठे फिरतात त्याची माहितीही घेतली. त्यातून तिने प्रत्येक घराचे दोन ठिपके केले: प्रमुख स्त्रीचा लाल आणि कमावत्या पुरुषाचा निळा. बाकीची माणसं या दोघांच्या मागोमाग जातील असं धरलं. प्रत्येक ठिपक्यातून धागे निघायचे, त्याचा जीव जिथे गुंतलेला असेल तिथपर्यंत. धागा जितका जाड तितकी ओढ जास्त.

नावं झाकलेली होती. दिसायचा फक्त घराचा क्रमांक, कारण पाणीवाल्यांची माहिती आणि माणसांची माहिती कुठेतरी एकमेकांना जोडायला हवी. ते जोडायचं काम भरतेशचं होतं. नाव झाकलं म्हणून आपलं घर कुणाला ओळखू येत नाही? आणि लाल ठिपका कुणाचा, हा प्रश्न त्याला पडलाच नाही. घरात कर्ती बाई एकच.

मगदूमांच्या घरी दिवस मावळायच्या आत जेवणं उरकतात. त्या दिवशी भरतेश मुद्दाम लवकर घरी आला. त्याची आई, जिला घरात सगळे अक्का म्हणत, पोळ्या लाटत होती. त्रिशला ताटं घेत होती.

"पूर आला तर तू पहिल्यांदा कुठं जाशील गं?" त्याने सहज विचारल्यासारखं विचारलं.

"मार्चमध्ये?"

"समज ना."

"शाळेत. शाळा म्हणजे निवारा, आम्हा शिक्षकांना तिथं हजर राहावं लागतं. एवढं पण माहीत नाही होय तुला?"

"आणि त्याआधी?"

"त्याआधी काय, पावडर लावून घेऊ?"

अक्का खुदकन हसली. भरतेश हसला नाही. "नाही, म्हटलं नावाडी गल्लीत वगैरे काम असेल तुझं."

त्रिशलाचा वाढता हात थांबला. तिने चटकन अक्काकडे पाहिलं आणि मग आमटीच्या भांड्याकडे. "तिथं कशाला जाऊ मी?" ती म्हणाली. आवाज नको तेवढा मऊ होता.

"जेवताना त्या घराचं नाव काढू नगंस," अक्का म्हणाली. "बाची भांडणं बाच्या बरूबर गेली. गप जेव."

भांडण तसं जुनं होतं. बस्तीतल्या पूजेत पहिल्या अभिषेकाच्या मानावरून भरतेशचे वडील आणि श्रेणिकचे वडील एकमेकांच्या अंगावर धावले होते. दोघेही आता नव्हते, पण दोन्ही घरांचं येणंजाणं बंद पडलं ते पडलंच. भरतेशच्या डोक्यात त्या क्षणी भांडण नव्हतं. त्याच्या डोक्यात तो थांबलेला हात होता. तिला पकडलं, असं त्याला वाटलं. पकडल्याचा आनंद काही होईना.

त्यानंतर त्याने ऑफिसातून घरी यायची वाट बदलली. माळावरची कचेरी सुटली की सरळ घरी न जाता तो उतारावरून खाली जायचा आणि नावाडी गल्लीच्या तोंडाशी चहाच्या टपरीवर बसायचा. समोर चौगुल्यांचं दार. चहा बेचव असायचा. तो दुसरा मागवायचा. उन्हं कलायची, घरी जेवणं होऊन जायची, हा तिथेच. टपरीवाल्याला वाटलं, साहेब पाण्याच्या पातळीचं काहीतरी मोजायला बसतात, म्हणून तो आदराने बाक पुसून द्यायचा.

एप्रिलमध्ये एका संध्याकाळी चौगुल्यांच्या दाराशी त्रिशलाची स्कूटर दिसली.  आत जावं, दार ठोठावावं, काय चाललंय म्हणून विचारावं असं शंभरदा वाटलं. तो उठला नाही. समजा आत गेलो आणि ते दोघं नुसते चहा पीत बसलेले असले, तर आपल्यासारखा बावळट आपणच. आणि नुसते चहा पीत बसलेले नसले तर? दोन्ही परवडण्यासारखं नव्हतं. तो मागच्या वाटेने निघून गेला.

"आज उशीर झाला तुला?" त्याने घरी विचारलं.

"जादा तास होता," त्रिशला त्याच्याकडे न बघता म्हणाली. "तुलाच कुठं घर आठवतंय हल्ली? अक्का रोज तुझं ताट झाकून ठेवतात."

ती खोटं बोलली होती. पडद्यावरचा ठिपका, दाराशी स्कूटर आणि हे खोटं. भरतेश आयुष्यभर वेगवेगळ्या ठिकाणची माहिती जोडण्याचंच काम करत आला होता. हे जोडायला त्याला काहीच कष्ट पडले नाहीत.

मेच्या अखेरीस बोटींचा आराखडा पक्का व्हायचा. गावाच्या वाट्याला यांत्रिक बोटी चारच. एकदा पूर आला की फोन धड लागत नाहीत, म्हणून कुठली बोट कुठे उभी राहणार ते आधीच ठरवून ठेवत. जुळ्याने एक बोट नावाडी गल्लीच्या तोंडाशी ठेवा असं सांगितलं होतं. भरतेशने कारण उघडून पाहिलं. चौगुल्यांच्या घरी श्रेणिकची आई सुलोचनाकाकू अंथरुणाला खिळलेली. पूर आला की मगदूमांचा लाल ठिपका तिच्यापाशी येतो. आईजवळ भरवशाचं माणूस आलं म्हणून श्रेणिकचा निळा ठिपका निर्धास्तपणे पट्ट्यातल्या मजुरांच्या खोपटांकडे धावतो. पाणी वाढतं, दोघी बायका घरात अडकतात, म्हणून बोट.

कुणालाही यातून एक सरळ गोष्ट समजली असती. भरतेशला समजलं ते असं: म्हातारीचं निमित्त बरं आहे.

त्याने तो धागा तोडला. शेजारी शेरा लिहिला, 'विसंगत, काढून टाकला.' धागा तुटताक्षणी पडद्यावर सगळं शहाण्यासारखं झालं. लाल ठिपका घरातून निघून सरळ वर शाळेकडे गेला. आईपाशी कुणी येणार नाही म्हटल्यावर श्रेणिकही घरीच थांबला, आईला पाठीवर घेऊन वेळेत माळावर पोचला. नावाडी गल्ली पाण्याआधीच रिकामी. तिथल्या बोटीची गरज उरली नाही. जुळ्याने ती गावाच्या दुसऱ्या टोकाला, गोसाव्याच्या मळ्याकडे हलवली. भरतेशने तो पूर पुन्हा पुन्हा पाहिला. कित्येक आठवड्यांनी त्याला भूक लागली.

मेहजबीन दुसऱ्याच दिवशी त्याच्या टेबलापाशी आली. "मगदूमसाहेब, हा धागा कुणी काढला?"

"मी. चूक होती ती. त्या दोन घरांत बोलणं नाही, सगळ्या गावाला ठाऊक आहे."

"चूक कशी असेल? फोन सांगतोय की जाणं रोजचं आहे. रोजचं!"

तो 'रोजचं' शब्द भरतेशच्या जिव्हारी लागला. "मोजण्यात गडबड झाली असेल."

"अहो, माणसं आपल्याला पटणार नाही तशी वागतात, म्हणून तर हा भाग घातला ना आपण? न पटणारा धागा तोडायचा असेल तर दोन वर्षं मी गावभर चहा कशाला प्यायले?"

"माहिती जोडायची जबाबदारी माझी आहे, मॅडम," तो म्हणाला आणि मान खाली घालून कामाला लागला.  ती हे वरपर्यंत नेणार होती, पण त्याच आठवड्यात खालच्या अंगाच्या गावांचं काम तिच्या गळ्यात पडलं आणि आराखड्यावर सह्या होऊन गेल्या.

पावसाळा हल्ली दोन महिन्यांत उरकतो. उरकतो म्हणजे चार महिन्यांचं पाणी दोन महिन्यांत पडतं. जुलैच्या शेवटी घाटमाथ्यावर असा काही धबधबा सुरू झाला की धरणवाल्यांनी सकाळीच सगळे दरवाजे उघडले. दुपारपर्यंत वडघाटचा घाट दिसेनासा झाला. बांबूच्या पट्ट्याने पहिला मार सोसला, पण हे पाणी त्यालाही भारी होतं.

भरतेश माळावरच्या नियंत्रण कक्षात होता. शेजारी मेहजबीन, समोर तहसीलदारबाई. चारही बोटी ठरल्याप्रमाणे ठरल्या जागी गेल्या होत्या. कक्षात एक नियम सगळ्यांना पाठ होता. मागच्या एका महापुरात साहेबलोकांनी आपापल्या सोयऱ्यांसाठी बोटी पळवल्या होत्या आणि त्यात कुठल्यातरी वस्तीवरची माणसं गेली होती. तेव्हापासून कुणाच्याही शब्दावर बोट हलायची नाही. जुळ्याचं गणित बदललं तरच हलेल.

त्रिशलाचा फोन मोठ्या मुश्किलीने लागला. आवाज कटत होता, म्हणून त्याने तो मोठ्या आवाजावर टाकला.

"भरत, अक्का शाळेत आल्या नाहीत अजून."

"घरी असेल."

"घराला कुलूप आहे, शेजारची रुक्मिणी बघून आली." मग तिने सांगून टाकलं. "सुलूकाकूंकडे असणार त्या."

"कोण सुलूकाकू?"

"चौगुल्यांच्या. श्रेणिकची आई. काकूंना अर्धांगाचा झटका आल्यापासून अक्का रोज दुपारी जातात तिथं. बस्तीत जाते म्हणून सांगतात. वेणी घालतात, भरवतात, तुझी कचेरी सुटायच्या आत परत येतात. तुला कळलं तर बंद करशील म्हणून मला शपथ घातली होती. गुडघे दुखून उशीर झाला की शाळा सुटल्यावर मीच आणते स्कूटरवरून. श्रेणिक पट्ट्यातल्या मजुरांना काढायला गेलाय, फोन लागत नाही त्याचा. नावाडी गल्लीत बोट आहे ना रे?"

भरतेश मेहजबीनकडे वळला. "मॅडम, घरातली प्रमुख स्त्री तुम्ही कशी ठरवली होती?"

"रेशनकार्डावरून. घरातली सगळ्यांत मोठी बाई. कायद्यानेच ती कुटुंबप्रमुख असते. का हो?"

 इतके महिने तो पडद्यावर आपल्या आईच्या मागे मागे फिरत होता. बायकोवर संशय घ्यायला त्याला एक ठिपका पुरला होता. आई घराबाहेर पडत असेल, तिचं कुणी जिवाभावाचं असेल, हे त्याच्या मनातच आलं नव्हतं.

"नावाडी गल्लीत बोट पाठवा," तो तहसीलदारबाईंना म्हणाला. "दोन बायका आहेत तिथं. मी धागा परत जोडतो, जुळं लगेच सांगेल."

तहसीलदारबाईंनी चष्मा काढला. "मगदूम, तुमच्या आई आहेत ना तिथं? मी ऐकलंय आत्ता. मेमध्ये तुम्ही स्वतः चूक म्हणून काढलेला धागा तुमची माणसं अडकल्यावर खरा झाला? उद्या प्रत्येक जण असाच धागा घेऊन येईल माझ्याकडे."

"तो खराच होता. मुजावर मॅडम तेव्हाच सांगत होत्या. मी मुद्दाम काढला."

"मुद्दाम? कशासाठी?"

फोन टेबलावर तसाच चालू होता. शाळेतला गलका त्यातून ऐकू येत होता, म्हणजे पलीकडे त्रिशला होती. बंद करायला बोटाचा एक स्पर्श पुरला असता. भरतेशच्या मनात ते येऊन गेलं आणि स्वतःची त्याला किळस आली. कारण सांगितल्याशिवाय बोट हलणार नव्हती, आणि फोन बंद केला तर तिकडचं काहीच कळणार नव्हतं.

"मला वाटलं, ती माझी बायको आहे," तो म्हणाला. "श्रेणिक चौगुल्याकडे जाते, असं वाटलं मला. ते बघवेना, म्हणून तोडला."

 मेहजबीनने मान वळवून खिडकीबाहेर पाहिलं. तहसीलदारबाईंनी एकदा फोनकडे पाहिलं, मग त्याच्याकडे, आणि म्हणाल्या, "जोडा. पटकन जोडा."

त्याने धागा जोडला. जुळ्याने गणित केलं. गोसाव्याच्या मळ्यातली माणसं मघाशीच बाहेर निघाली होती, तिथली बोट मोकळी होती. ती वळवा, असा निरोप बिनतारी यंत्रावरून गेला.

फोनमधल्या गलक्यातून त्रिशलाचा आवाज आला. "बोट निघाली का?"

"निघाली."

"बरं," ती म्हणाली आणि तिने फोन ठेवला.

बोट शाळेच्या पायऱ्यांना लागली तेव्हा भरतेश तिथे धावत आला होता. बोटीवरच्या पोरांनी सांगितलं की घरात कमरेच्या वर पाणी होतं. अक्काने सुलोचनाकाकूंना गादीसकट ओढत नेऊन स्वयंपाकाच्या कट्ट्यावर चढवलं होतं आणि स्वतः पाण्यात उभी राहून त्यांचं डोकं धरून ठेवलं होतं. अजून थोडा उशीर झाला असता तर कट्टाही बुडाला असता.

शाळेच्या व्हरांड्यात अक्का ओल्या लुगड्यानेच काकूंना खिचडी भरवत होती. घाईघाईने, एकेक घास चेचून. आभाळ इतकं दाटलं होतं की दिवस मावळला की नाही ते कळत नव्हतं.

"मावळायच्या आत खा गं बाई," ती काकूंना म्हणत होती. "आयुष्यात कवा रातीला जेवली न्हाईस, आता नेम मोडतीस व्हय?" काकूंनी तोंडाच्या एका कोपऱ्याने हसून घास घेतला.

भरतेश अक्कासमोर उकिडवा बसला. "अक्का, मला सांगायचं तरी."

"तू इचारलंस कवा?" अक्का घास कालवत म्हणाली. "अक्का, आज कुठं गेलतीस, कुणाला भेटलीस, म्हणून? एका बाकावर बसून शिकलो आम्ही दोघी. तुझ्या बाच्या भांडणापायी इतकी वर्सं तोंड फिरवून चाललो हिच्यासमोरनं. ही पडली, बोलायची बंद झाली, तवा म्हटलं आता तरी बोलावं."

तेवढ्यात श्रेणिक आला, गळ्यापर्यंत चिखलाने माखलेला. सगळे मजूर बाहेर निघाले होते. त्याने आईच्या कपाळावर हात ठेवला आणि मग वाकून अक्काच्या पायांवर डोकं टेकलं. ते पाहून व्हरांड्यातल्या बायकांनी डोळ्यांना पदर लावले. भरतेशने काय पाहिलं? त्याने त्रिशलाचा चेहरा पाहिला. श्रेणिककडे ती कशी बघते ते. एवढं सगळं होऊनही त्याची नजर तिकडेच गेली, आणि ती गेलेली त्रिशलाला दिसली.

मेहजबीन टॅब घेऊन निवाऱ्यात फिरत होती. जुळ्याने सांगितलं तसं कोण वागलं आणि कोण नाही, ते तिला ताजं ताजं टिपून ठेवायचं होतं. त्रिशला तिच्यापाशी गेली.

"मॅडम, मला तो ठिपका बघायचाय. ज्याच्यापायी एवढं झालं तो."

"नियमात बसत नाही हो. ज्याची माहिती त्याच्याच परवानगीने..."

"माझाच हाय न्हवं त्यो?" अक्का मागून म्हणाली. "दावा तिला. मलाबी दावा."

मेहजबीनने पूर सोडला. लाल ठिपका मगदूमांच्या घरातून निघाला, बस्तीपाशी वळला आणि नावाडी गल्लीत उतरला. अक्काने टॅब काकूंच्या डोळ्यांसमोर धरला. "बघ गं सुलू, आलो मी." काकूंचा चांगला हात टॅबच्या काचेवर फिरला.

त्रिशलाने टॅब हातात घेतला. तिने तोच पूर पुन्हा सोडला. "आणि हा निळा? हाही आमच्याच घरचा दिसतो."

"कमावता पुरुष," मेहजबीन म्हणाली.

"म्हणजे मी फुकट जेवते त्या घरात," त्रिशला म्हणाली. मग तिने टॅब डोळ्यांजवळ नेला. निळा ठिपका माळावरच्या कचेरीतून निघाला होता. घराकडे वळायच्या फाट्यावर तो वळला नाही. सरळ उतार उतरत राहिला आणि नावाडी गल्लीत, चौगुल्यांच्या घरापाशी जाऊन उभा राहिला.

भरतेशने हा ठिपका कधी पाहिलाच नव्हता. त्याला तो पाहायचं कारणच पडलं नव्हतं. "हे काय आहे?" त्याने विचारलं.

मेहजबीनने आवाज खाली आणला. "हा धागा उन्हाळ्यातल्या माहितीवरून जूनमध्ये तयार झालाय. रोज संध्याकाळी तुमचा फोन त्या गल्लीच्या तोंडाशी असायचा. तासन् तास. जुळ्याला काय कळणार? त्याला वाटलं, या माणसाचा जीव आहे त्या घरात."

त्रिशलाने पूर मागे नेला आणि पुन्हा सोडला. मग पुन्हा एकदा. भरतेश शेजारी उभा होता. ती ओरडेल, टॅब आपटेल, निदान रडेल अशी तो वाट पाहत होता. तिने नुसतं पडद्यावर एका जागी बोट ठेवलं.

"ही शाळा ना?"

"हो."

"पूर आला की मी इथंच असणार. तुला माहीत होतं."

"हो," भरतेश म्हणाला.

निळा ठिपका उतारावरून आला, तिच्या बोटाखाली शिरला आणि पलीकडून बाहेर पडून खाली नदीकडे निघून गेला. तिने पुढचा पूर लावला, मग त्याच्या पुढचा. लहान, मोठे, सकाळचे, दुपारचे. बोट तिने काढलं नाही.

"एकदाही थांबत नाहीस तू," त्रिशला म्हणाली.